तार वाकडी नव्हती

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधले एक प्राध्यापक हातात लांबट खोकं घेऊन वर आले. खोक्यात छर्र्याच्या बंदुकीवर लावायची दुर्बीण होती. घरबसल्या मागवलेली, सगळ्यात कमी किमतीची. "चाचा, तुम्हाला यातलं कळतं म्हणे," ते म्हणाले. "गच्चीवर भिंतीशी कागदी निशाण लावून मारतो. पण छर्रा रोज वेगळीकडे जातो."

अकोल्याचं दुकान बंद करून अमरावतीला मुलीकडे येऊन मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी पेचकस हातात धरला नव्हता. प्राध्यापकांना बसायला सांगून मी आत अवजारांची डबी शोधायला गेलो. डबी लगेच सापडली, पण बाहेर यायला मला वेळ लागला. उघडी डबी मांडीवर घेऊन मी पलंगावर बसून राहिलो होतो. शेवटी मुलगी बघायला आली.

दिवाळी अंकासाठी लिहा, हा आग्रह त्याच प्राध्यापकांचा. मी बंदुकांविषयी लिहीन अशी त्यांची कल्पना आहे. बंदुकांविषयी येईलच, पण त्याहून जास्त माझ्या बायकोविषयी येईल. मी ते आधीच सांगून ठेवतो.

आमचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात होतं. मोर्णा नदीच्या पुलावरून आत आलं की डाव्या हाताच्या गल्लीत. पाटीवर फक्त ‘घड्याळ दुरुस्ती’. वडिलांनी जन्मभर घड्याळं केली, मीही तीच करायला बसलो. दुर्बिणी मागून आल्या. ज्याला बारीक पेच फिरवता येतो त्याच्याकडे लोक काहीही घेऊन येतात. शाळेची सूक्ष्मदर्शकं आली, जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं आली, आणि एक दिवस छर्र्याची बंदूक आली.

ही बंदूक म्हणजे दारूगोळ्याची नव्हे. आत एक जाड स्प्रिंग असते. नळी खाली दुमडून ती स्प्रिंग दाबायची, घोडा ओढला की ती सुटते आणि हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा जातो. तीस-चाळीस फुटांवर कागद नाहीतर बाटलीचं झाकण लावून मारायचं, एवढाच तिचा खेळ. पाखरं, माकडं मारायला जो येई त्याला मी पहिल्या दिवसापासून परत पाठवत आलो.

तर या बंदुकीवर लोकांना दुर्बीण का हवी असते? लांबचं जवळ दिसावं म्हणून, असं सगळे म्हणतात. खरं कारण वेगळं असतं, आणि ते पन्नाशीनंतर कळतं. साध्या बंदुकीवर मागे एक खाच असते, पुढे एक टोक असतं आणि त्यापलीकडे निशाण. नेम धरायचा तर तिन्ही एका वेळी स्पष्ट दिसावी लागतात. तरुण डोळा ते जमवून घेतो. वय झालं की खाच तरी पुसट होते, नाहीतर निशाण तरी. दुर्बिणीत मात्र दोन बारीक तारांची फुली आणि निशाण एकाच ठिकाणी दिसतं. म्हाताऱ्या डोळ्याला याहून मोठं सुख नाही.

स्वस्त दुर्बिणीची गोम अशी की ती या बंदुकीसाठी घडवलेलीच नसते. स्प्रिंगची बंदूक सुटताना आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. मागचा धक्का कोणतीही दुर्बीण सोसते. पुढचा हिसका बसला की आतलं सगळं खिळखिळं होतं. ज्या कड्यांनी दुर्बीण बंदुकीवर धरलेली असते त्या कड्या मागे सरकतात. मी कडीशेजारी पेन्सिलची रेघ मारून द्यायचो आणि सांगायचो, कडी रेघ सोडून गेली तर दुर्बिणीला शिव्या देऊ नका, पेच आवळा. दुसरं, हिचं भिंग लांबच्या माऱ्यासाठी बसवलेलं असतं. तीस फुटांवर चित्र धुरकट दिसतं. त्यावर उपाय सोपा आहे. पुढची रिंग उघडून भिंग जरासं बाहेर फिरवायचं. हे कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, चार दुर्बिणी बिघडवून शिकलो.

मग नेम बसवायचा. आमच्या मागे सरकीचं एक रिकामं गोदाम होतं. मालकाच्या परवानगीने तिथे चिंध्या ठासून भरलेली पेटी ठेवली होती. वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवायची, पाच छर्रे मारायचे, पाच भोकांचा मध्य बघायचा आणि दुर्बिणीवरच्या दोन गुंड्या फिरवायच्या. वरची गुंडी वर-खाली, बाजूची डावी-उजवी. स्वस्त दुर्बिणीत गुंडी फिरते, पण आतली नळी आळस करते. पेचकसाच्या मुठीने दोन टिचक्या मारल्या की जागी होते. मुर्तिजापूरच्या एका गिऱ्हाइकाने दुर्बीण उलटी बसवली होती. "भाऊ, निशाण लय दूर पळून राहिलं," अशी त्याची तक्रार.

सगळ्यात अवघड काम तारांचं. हलक्या दुर्बिणीत ती फुली खऱ्या तारेची असते, केसाहून बारीक. धक्क्यांनी ती तुटते. नवी मिळत नाही, दुर्बीण फेकायची. मीही तसंच सांगत होतो. एकदा नसीमनं ऐकलं.

नसीम माझी बायको. दुकानामागच्याच खोल्यांत आमचं घर. ती लग्नाच्या ओढण्यांवर जरीकाम करायची, आणि दुपारी उजेड चांगला म्हणून माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायची. आम्ही घरात आमच्या मुसलमानी बोलीत बोलत असू. ती म्हणाली, "तार ही तो है. इत्ता क्या मुश्किल?" मी मेलेल्या क्वार्ट्झ घड्याळांचा डबा तिच्यापुढे ठेवला. या घड्याळाच्या पोटात तांब्याची एक गुंडाळी असते. तिची तार माणसाच्या केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते. नसीमनं तिचं टोक काढलं, पितळी रिंगच्या खाचांत ताणलं आणि नखपॉलिशच्या थेंबानं चिकटवलं. तार ताणताना ती श्वास धरायची. तिच्याबरोबर मीही धरायचो. पहिल्या पाच तारा तुटल्या. सहावी बसली. त्यानंतर अकोल्यात आणि आजूबाजूला ज्याची फुली तुटे तो आमच्याकडे येई. गिऱ्हाईक माझं नाव घ्यायचं. मी सुरुवातीला काही बोलत नसे, पुढे सांगायला लागलो की हे काम घरातून होतं.

अशीच एक दिवस कुसुमताई आली.

वरूडच्या मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. लग्न केलेलं नाही. भावाच्या संत्र्याच्या बागेत तिचा हिस्सा, तिथेच दोन खोल्या बांधून राहायची. कॉलेजात असताना अमरावतीला रायफल शिकलेली. पुण्याच्या भाच्यानं आत्याला निवृत्तीची भेट म्हणून कुरिअरनं दुर्बीण पाठवली होती, आणि बंदूक तिनं स्वतः घेतली होती. वरूडहून अमरावती, अमरावतीहून अकोला, दोन बसगाड्या करून बाई बंदूक गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. गल्लीतली सगळी माणसं बघत राहिली.

पहिल्या खेपेला मी नेहमीचं सगळं केलं. कड्या आवळल्या, भिंग फिरवलं, नेम बसवून दिला. गोदामात तिनं माझ्यासमोर पाच छर्रे मारले. रुपयाच्या नाण्यात बसतील असे. मी एवढ्या वर्षांत असा हात पाहिला नव्हता, आणि तसं मी तिला बोललो.

"पोरीईले शिकवासाठी आपला हात साफ लागते, हमीदभाऊ," ती म्हणाली.

चार-पाच महिन्यांनी ती परत आली. "थे उभी तार वाकली हाय. मधात पोट आल्यासारखी दिसते."

मी डोळा लावला. तार सरळ. तसं सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा पाहा. मी पुन्हा पाहिलं, सरळच. नसीम म्हणाली, बाई एवढ्या लांबून आली आहे, बदलून टाकते. तिनं दुपारभर बसून दोन्ही तारा नव्या घातल्या. कुसुमताई घेऊन गेली.

तीन आठवड्यांत तिसरी खेप. तो बाजाराचा दिवस होता, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. तिनं बंदूक बाकावर ठेवली.

"भाऊ, तार अजून वाकडीच हाय."

"नाही ताई."

"मी काय खोटं बोलून राहिली?"

माझ्या बायकोनं श्वास धरून बसवलेली तार होती ती. मला राग आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तार नाही वाकली ताई. तुमचा भरवसा वाकला आहे. स्वस्तातली चीज घ्यायची आणि वर मिस्त्रीला नावं ठेवायची."

दोघं-तिघं हसले. मलाही बरं वाटलं, बोलणं चांगलं जमलं म्हणून. कुसुमताईनं बंदूक गोणपाटात गुंडाळली. बांधायच्या दोरीची गाठ तिला दोनदा बांधावी लागली. मग ती गेली.

नसीम पडद्याआड होती. रात्री जेवताना तिनं मला एवढंच विचारलं, "औरत झूट काहे को बोलेगी? दो गाडियां बदल के आती है, झूट बोलने को?"

मी म्हटलं, आता तू नको सुरू करू.

पण ती सुरूच राहिली. रोज नाही, आठवड्यातून एकदा. भाजी निवडताना, ओढणीला टाके घालताना, मध्येच म्हणायची, वरूडची ताई आली नाही. दोन महिने असे गेले. मग एका रविवारी सकाळी ती बुरखा घालून तयार उभी राहिली आणि म्हणाली, चला. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, तुम्हाला माहीत आहे कुठे.

वरूडला उतरून पत्ता शोधायला त्रास पडला नाही. खेळाच्या बाईंना सगळं गाव ओळखत होतं. ट्रॅक्टरवाल्या एका माणसानं आम्हाला बागेपर्यंत सोडलं. आंबिया बहाराची संत्री उतरवणं चालू होतं, झाडांखाली लाकडी खोक्यांच्या थप्प्या. कुसुमताई ओसरीवर बसली होती. आम्हाला पाहून उठली, पण हसली नाही.

"या," म्हणाली. "इतक्या लांब काहून आले?"

मी चपला काढायला खाली वाकलो. नसीमच पुढे झाली. "ताई, यांच्या जिभेची माफी मागायला आली. आणि तार पाहायला."

चहा झाला. मग मी बंदूक मागितली. ती कोठीत पोत्यांमागे ठेवलेली होती, धूळ बसलेली. मी दुर्बीण पुसली आणि ताईला ओसरीच्या कठड्यावरून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायला सांगितलं.

"वाकडी हाय," ती म्हणाली. "पहिल्यापेक्षा जास्त."

मी पाहिलं. सरळ होती. नसीमनं पाहिलं, तिलाही सरळ. मी दुर्बीण पुन्हा हातात घेतली. मग मी जे करायला हवं होतं ते मला त्या दिवशी, दोन महिने उशिरा, सुचलं. मी कड्यांचे पेच ढिले केले आणि दुर्बीण पाव फेरा फिरवली. जी तार उभी होती ती आता आडवी झाली.

"आता पाहा ताई. कोणती वाकडी?"

"उभीच."

पण आता उभी असलेली तार ही दुसरी तार होती. वाकडेपणा तारेबरोबर फिरला नव्हता. तो जिथल्या तिथे राहिला होता.

मी म्हणालो, "आता डाव्या डोळ्यानं."

तिनं डावा डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "सरळ हाय," ती अगदी हळू म्हणाली. "दोनी सरळ हाय."

मग तिनं दुर्बीण खाली ठेवली. मी मिस्त्री आहे, डॉक्टर नाही. पण यंत्र चांगलं असेल आणि माप चुकत असेल तर दोष मापणाऱ्यात असतो, एवढं मला कळत होतं. ते तिला कसं सांगावं ते कळत नव्हतं. नसीम तिच्याजवळ सरकून बसली आणि मला म्हणाली, तुम्ही जा, त्या कड्या नीट आवळून आणा. मी बंदूक घेऊन अंगणात गेलो. पेच आवळायला दोन मिनिटं पुरतात. मी बराच वेळ तिथे बसलो. आत दोघी काहीतरी बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो. डॉक्टरांनी पडदा तपासला. उजव्या डोळ्याच्या पडद्यात मधोमध पाणी साचत होतं. त्यामुळे सरळ रेघ वाकडी दिसते. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. ताई बाहेर औषध घालून बसली होती तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर?

"बराच फरक पडला असता," ते म्हणाले.

इंजेक्शनं देऊनही उजव्या डोळ्याचा मध्य गेला. त्या डोळ्याला कडेचं दिसे, समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे. ते दोन महिने मी माझ्या नावावर लिहून घेतले. कोणी लिही म्हटलं नव्हतं.

यानंतरची जी वर्षं आली त्यांच्याविषयी लिहायला बसलं की माझा हात अडतो, कारण ती फार चांगली होती. आम्ही महिन्यातून एका रविवारी वरूडला जायला लागलो. बहाणा बंदुकीचा. साठीच्या बाईला उजव्या खांद्याची सवय मोडून डाव्या खांद्यावर बंदूक धरायला शिकायचं होतं. मी तिच्यासाठी बंदुकीचा लाकडी दस्ता डाव्या गालाला बसेल असा घासून दिला. पहिले तीन महिने छर्रे पेटीबाहेर जायचे आणि ती स्वतःवरच शाळेतल्यासारखी ओरडायची. "कुसुम, कोपर कोठी चाललं?" मग हळूहळू भोकं जवळ यायला लागली. दुसऱ्या वर्षी पुन्हा रुपयाच्या नाण्यात आली. पहिल्यासारखीच.

नसीमलाही तिनं शिकवलं. संत्र्याच्या झाडाखाली पोतं अंथरून माझी बायको पालथी पडून बाटलीची झाकणं उडवते आहे, हे दृश्य मी पाहिलं आहे. ती जगात कशाला घाबरत नसे, पण घोडा ओढताना डोळे मिटून घ्यायची. कुसुमताई म्हणायची, "भाभी, डोये उघडे ठेवा, बाकीचं बंदूक पाहून घेते." तरी झाकण उडायचं. मग त्या दोघी माझ्याकडे बघून हसायच्या. मी जन्मभर दुसऱ्यांचा नेम बसवला, माझा स्वतःचा हात बेताचाच.

दुपारी ताईच्या हातचं जेवण, येताना पिशवीभर संत्री. परतीच्या बसमध्ये नसीम खिडकीशी झोपून जायची, बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. मी जागा राहायचो. आज वाटतं, मी तेव्हा तिच्याकडे जरा जास्त बघायला हवं होतं. मी रस्ता बघत बसायचो.

डॉक्टरांनी ताईला चौकटींचा एक कागद दिला होता. रोज त्याच्याकडे डाव्या डोळ्यानं बघायचं, रेघ वाकडी दिसली तर ताबडतोब यायचं, कारण हा आजार दुसऱ्या डोळ्यालाही धरतो. ताईनं कागद भिंतीला लावला आणि विसरली. ती रोज सकाळी बघायची ती दुर्बिणीतून. अंघोळ झाली की कठड्यावर बंदूक टेकवून समोरची पांढरी भिंत आणि नसीमच्या दोन तारा. पाच वर्षांनी एका सकाळी तिचा दुकानात फोन आला.

"हमीदभाऊ, तार वाकली."

"किती?"

"केसभर. आज सकाळीच."

मी तिला विचारलं नाही की नक्की का. मी म्हटलं, अमरावतीची पहिली गाडी पकडा, मी इकडून निघतो. दवाखान्याच्या दारात आम्ही भेटलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एवढ्या लवकर फार कमी लोक येतात. तो डोळा वाचला. आजही ती त्या डोळ्यानं पेपर वाचते.

वरूडच्या त्या पहिल्या रविवारनंतर मी दुकानात एक गोष्ट बंद केली. गिऱ्हाइकाला ‘तुमचा भ्रम आहे’ असं म्हणायचं नाही. एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांचं घड्याळ घरी मागे पडायचं आणि दुकानात बरोबर चालायचं. चार वेळा आणलं. पूर्वीचा मी असतो तर गल्लीभर हशा केला असता. मी त्यांच्या घरी गेलो. रात्री झोपताना ते घड्याळ काढून रेडिओवर ठेवत. रेडिओच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, त्यानं घड्याळ अडतं. जागा बदलली, घड्याळ सुधारलं. असे किती सांगू. गिऱ्हाईक जे दिसतं म्हणतं ते त्याला दिसत असतंच, फक्त कारण दुसरीकडे असतं. हे मला कोणत्या उस्तादानं शिकवलं नाही. ते एका बाईच्या डोळ्याच्या मोलानं शिकलो, असं मी समजून चाललो होतो.

चार वर्षांपूर्वी नसीम गेली. दुपारी बाकाशी बसली होती, छातीत दुखतं म्हणाली, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. सुईत ओवलेला जरीचा धागा तसाच होता. मुलगी म्हणाली, इकडे या. महिनाभर मी दुकान उघडून बसलो. लोक यायचे, फुली तुटलेल्या दुर्बिणी ठेवायचे. मी क्वार्ट्झ घड्याळाची तार काढून ताणायला घ्यायचो आणि श्वास धरायचो. तार तुटायची. हात कापतो हे खरं, पण ते कारण नव्हतं. बाकाच्या त्या टोकाला कोणी श्वास धरत नव्हतं. एका शुक्रवारी दुकान बंद केलं आणि अमरावतीला आलो.

वरूडला जाणंही थांबलं. फोन व्हायचे. ताई म्हणायची, या ना एकदा. मी म्हणायचो, येतो. अमरावतीहून वरूड अकोल्यापेक्षा किती जवळ, पण पाय उचलत नव्हता. प्राध्यापकांच्या त्या स्वस्त दुर्बिणीनं सगळं उकरून काढलं. त्यांच्या कड्या आवळून दिल्या आणि पुढच्याच रविवारी मी वरूडची गाडी धरली.

ताई आता सत्तरीच्या पुढे आहे. केस सगळे पांढरे, पण पाठ सरळ. ओसरीवर चहा झाला. मी ठरवून आलो होतो. त्या दिवशी माझ्या वाटची माफी नसीमनं मागितली होती, मी स्वतः कधीच मागितली नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "एक गोष्ट बारा वर्षं पोटात आहे. दुकानात मी तसं बोललो नसतो तर तुम्ही दोन महिने घरी बसल्या नसत्या. तो डोळा माझ्यामुळे गेला."

ती माझ्याकडे मान जरा तिरकी करून बघत राहिली, तशी मान केली की तिला चेहरा नीट दिसतो.

"तुमी बोलले थे मले लागलं, खोटं नाई सांगत," ती म्हणाली. "पण मी तुमच्यामुये नाई थांबली. तुमच्या दुकानातून निंगाली थे आठ दिवसांनी परतवाड्याले गेली. तिथं एक मिस्त्री हाय. मंग नागपूरले गेली, मोठ्या दुकानात. दोघाईनंही सांगतलं, तार सरळ हाय."

"मग?"

"मंग घरी येऊन बंदूक पोत्यामांगं टाकून देली. मले समजलं होतं भाऊ. माही माय शेवटची बारा वर्सं आंधळी होती. म्या तिचं सारं केलं. तार वाकडी हाय असं कोणी तरी म्हणावं म्हणून मी गावोगाव हिंडली. कोणी म्हटलं असतं तं आणखी सहा महिने बसली असती."

"हे तुम्ही मला कधी बोलल्या नाहीत."

"भाभीले बोलली होती. त्याच दिवशी. तुमी अंगणात पेच आवळत होते तवा."

"नसीमला माहीत होतं?"

"सारं माईत होतं." ताई हसायला लागली. "मी म्हटलं, भाऊले सांगतो, उगाच जीवाले लावून घेतीन. तं थे म्हणे, नको ताई, मत बताओ. थोडे दिन डरके रहेंगे तो गाहक से अदब से बात करेंगे. मंग सांगू म्हणे सावकाश. मंग राहूनच गेलं."

थोडे दिवस. बारा वर्षं. त्यातली आठ वर्षं त्या बाईनं माझ्यासोबत त्याच बाकावर बसून, माझ्याच ताटात जेवून, मला एकदाही कळू दिलं नाही. मी गिऱ्हाइकांशी मऊ बोलायला लागलो तेव्हा ती ओढणीवर मान खाली घालून टाके घालायची. ती हसत असणार. मी वर बघितलं नाही.

ताईनं जेवायला थांबवलं. निघताना संत्री दिली. मी बसमध्ये खिडकीशी बसलो आणि गाडी सुटल्यासुटल्या नसीमशी भांडायला सुरुवात केली. तिला म्हटलं, हे काय वागणं झालं. तिला म्हटलं, रात्र-रात्र मला झोप लागत नसे तेव्हा तू काय करत होतीस, सांगता येत नव्हतं? तिला म्हटलं, आणि सांगायचं होतं तर सांगून तरी जायचं. चार वर्षांत मी तिच्यासाठी रडलो, दुआ मागितली. भांडलो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ती इतकी जवळ या चार वर्षांत कधी आली नव्हती.

मोर्शीला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर माझ्या सीटपाशी वाकला.

"चाचा, कोणाशी बोलून राहिले?"

"घरवालीशी," मी म्हणालो, आणि पिशवी मांडीवर घेऊन शेजारची जागा मोकळी केली.